अजानेनंतरची पाच मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना, ढेरपोट्या टीव्ही. पाठ जड, काच फुगीर आणि स्वभाव पहिल्यापासून अस्वस्थ. बंद असलो तरी आत काहीतरी कुरतडत राहते.

कारखान्यातून निघालो तो थेट इंडोनेशियातल्या सालातिगा शहरातल्या एका खानावळीत आलो. तिथे माझे फार कौतुक झाले. बॅडमिंटनचा सामना लागला की गिऱ्हाइकांचा भात ताटात गार होत असे. पुढे मालकाने नवा, सडपातळ टीव्ही घेतला आणि मला खेड्यात, आपल्या बहिणीच्या घरी धाडले.

या वुर्यानीबाईंना दोन मुले. रेंगानिस नऊ वर्षांची, तिर्ता चार वर्षांचा. तिर्ता जन्मला तेव्हापासून रेंगानिसला घरात सगळे ‘म्बाक’, म्हणजे ताई, म्हणू लागले. तिचे नाव फक्त शाळेत उरले. “म्बाक, दे ते त्याला. तू मोठी ना? मोठ्यानं पडतं घ्यावं,” हे मी रोज ऐकत असे.

संध्याकाळी पाणमांजरांचे कार्टून लागे. त्यातली बहीण भावाच्या नाना खोड्या काढी आणि मुले पोट धरून हसत. शेवटी दोघांचा समेट होई. पण नेमकी त्याच्या पाच मिनिटे आधी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान होई, आणि गावातल्या सगळ्या घरांप्रमाणे आमच्याकडेही टीव्ही बंद होई. मुलांना भांडण पोटभर मिळे, समेट कधीच नाही. खानावळीत हे सगळे भाग मी शेवटापर्यंत दाखवले होते. आता सांगता येईना, म्हणून जीव नुसता तळमळे.

एकदा कार्टूनमधल्या बहिणीने भावाला टोपलीत बसवून नदीत सोडले. दुसऱ्या दिवशी रेंगानिसने तिर्ताला कपड्यांच्या टबात बसवून शेतातल्या पाटात ढकलले. टब कलंडला. बदके राखणारे म्हातारे दार्मोआजोबा पोराला काखोटीला मारून घरी घेऊन आले, तेव्हा तो पाणी ओकत होता. मला माझीच भीती वाटली.

“सगळा या खोक्याचा दोष,” म्हणत वुर्यानीबाईंनी माझी वायर उपसली आणि अंगावर जुने, नक्षीचे बाटिक कापड टाकले. “आणि तू गं म्बाक? एवढी घोडी झालीस, अक्कल गहाण टाकलीस का?”

“कार्टूनमध्ये तो भाऊ हसत होता,” रेंगानिस पुटपुटली.

“मग पुढं काय झालं?” दार्मोआजोबांनी विचारले.

“माहीत नाही. अजान झाली.”

वुर्यानीबाईंनी उपसलेल्या वायरकडे पाहिले.

रविवारी सकाळी तोच भाग पुन्हा लागला. त्यांनी बाटिक काढले, मला सुरू केले आणि चटईवर दोन्ही मुलांच्या मध्ये बसल्या. त्याआधी त्या घरात आईने बसून कार्टून पाहिल्याचे मला आठवत नाही. टोपली बुडाली. बहिणीने रडत रडत उडी मारून भावाला बाहेर काढले. मग त्यांच्या आईने आधी बहिणीलाच जवळ घेतले आणि विचारले, “तुला काय सलतंय?”

खोलीत कोणी हसले नाही. वुर्यानीबाईंनी मुलीकडे पाहिले. “आणि तुला गं?”

रेंगानिसने चटईची एक काडी उपसली. “मला नावानं हाक मार ना. एकदा तरी.”

मित्रांनो, आता माझे रंग विटले आहेत, आवाजही बसला आहे. तुमच्या आईबाबांना माझा एवढाच निरोप द्या. मला झाकून ठेवू नका आणि मुलांना माझ्या हवालीही करू नका. थोडे शेजारी बसा, हसू येईल तिथे हसा, आणि भांडणाचे पुढे काय झाले ते विचारा.

आमच्याकडे अजानेला मी अजूनही बंद होतो. पण नमाज आटोपला की वुर्यानीबाई चटईवर येऊन बसतात आणि म्हणतात, “हं रेंगानिस, सांग. पुढं काय झालं असेल?”