तिसऱ्या अंकातले दार

"घर सोडून जायचं तर जा, पण मला अरे-तुरे करायचं नाही," हेडक्लार्क म्हणाले. "समोर माझं अख्खं ऑफिस बसणार आहे."

"साहेब, ती निघून चाललीये," दिग्दर्शक काकुळतीला आला. "निघालेली बाई अहो-जाहो कशाला करेल?"

"माझी बायको करेल."

वाद तिथेच संपला. पाणीपुरवठा कार्यालयाच्या हौशी नाट्यमंडळाने यंदा स्त्रीमुक्तीवरचे नाटक निवडले होते, आणि लग्नाआधी रंगमंच गाजवलेली अशी एकच स्त्री सर्वांच्या ओळखीत होती: हेडक्लार्कांची पत्नी. त्यांनी परवानगी दिली, ती एका अटीवर. नाटकातला नवरा तेच होतील. रंगमंचावर का होईना, परपुरुषाने तिच्याकडे चहा मागावा हे त्यांना पसंत नव्हते. अशा रीतीने मुक्तीचे नाटक रीतसर मंजुरीने बसू लागले. मुक्तीचा इतिहास वाचलेल्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

हेडक्लार्कांना अभिनयाचा गंध नव्हता; पण लेखकाने नवऱ्याला दिलेली वाक्ये, "चहा कुठाय?", "माझा रुमाल?", "तुला काय कळतंय त्यातलं?", ते घरून पाठ करूनच येत. दिग्दर्शकाने त्यांच्या सहजतेचे मनापासून कौतुक केले.

शेवटचा प्रवेश मात्र तालमीत एकदाही पुरा झाला नाही. ती घर सोडून जाण्याचे ते वाक्य उच्चारणार, तोच हेडक्लार्क घड्याळ बघत. "चल गं, भूक लागली." मग ते वाक्य ती घरी भांडी घासताना म्हणे, नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. आयुष्यात एकदा ते मोठ्याने म्हणावे आणि दारातून बाहेर पडावे, एवढेच तिला हवे होते. बाहेर म्हणजे विंगेपर्यंत. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या महत्त्वाकांक्षेला याहून मोठे अंगण कोणी देऊ केले नव्हते.

प्रयोगाच्या संध्याकाळी दोन अंक सुरळीत पार पडले. तिसऱ्यात ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाली, "अहो, मी हे घर सोडून जाते आहे."

मग कारकुनांच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटले, "साहेबांची चालली रे!"

संहितेनुसार नवऱ्याने आता तोंड झाकून खुर्चीत बसायचे होते. हेडक्लार्क उठले, दारापाशी गेले आणि पाठ लावून उभे राहिले.

"कुठं जाणार? आधी जेवायला वाढ."

"खुर्ची! साहेब, खुर्चीत बसा!" विंगेतून दिग्दर्शक कुजबुजला.

"बसतो कशाला? ही जाईल ना!" हेडक्लार्क खणखणीत आवाजात म्हणाले. प्रेक्षक पोट धरून हसले.

"अहो, सरका ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "नाटक आहे."

"घरी गेल्यावर बोलू."

दिग्दर्शकाने पलीकडून दार ढकलले, हेडक्लार्कांनी अलीकडून. कापडी भिंत पोटात वारा भरल्यासारखी फुगली. ती मध्यभागी उभी राहून हे पाहत होती. मग तिने घराकडे एकवार नजर फिरवली. भिंती तीनच होत्या. चौथी, प्रेक्षकांकडची, नुसत्या संकेताने उभी असते, आणि संकेत पाळण्याची जबाबदारी आजवर तिच्याकडेच होती.

ती वळली. पदर सावरून बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरली आणि प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने चालू लागली. प्रकाशवाल्याने झोत तिच्यामागे वळवला. टाळ्या सुरू झाल्या. मागे अंधारात हेडक्लार्क ओरडत होते, "मी सरकणार नाही, सांगून ठेवतो!" घराला वाट एकच असते यावर त्यांची अढळ श्रद्धा होती, आणि ती वाट त्यांनी अखेरपर्यंत राखली.

बाहेर बाकावर दारवान बसला होता. "बाई, मधेच बाहेर आलात. आता परत आत सोडत नाही हां."

"नक्की ना?"

"नियमच आहे."

"मग जरा सरकता का?"

तो सरकला. तिने पायातल्या चपला काढल्या. आतून हाक आली, "अगं ए!" पुन्हा आली, जरा मोठी, जरा घाबरलेली.

दारवानाने तिच्या रंगवलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. "तुम्हाला बोलवतायत वाटतं."

"छे, नाटकातलं आहे ते," ती म्हणाली, आणि पाठ टेकून बसली.