सोळा कोअर आणि एक कूलर

आमच्या अकोल्यात मे महिन्यात माणूस पापडासारखा भाजतो, आणि मी शहाणा नेमका तेव्हाच सोळा कोअरचा दणकट संगणक चोवीस तास चालवत होतो. काम मात्र पुण्य लाभावं असं. औषधं शोधणारे शास्त्रज्ञ एक अवाढव्य गणित तुकडे करून जगभरच्या घरगुती संगणकांना वाटतात. आपला संगणक तुकडा सोडवून परत पाठवतो आणि आपल्या नावावर गुण जमा होतात. मी घेतलेलं गणित कंपवाताचं होतं. बाबा त्यानेच गेले.

आईला एवढंच सांगितलं होतं. गुणांचं बोललो नव्हतो. वऱ्हाडातल्यांच्या गुणांच्या यादीत अमरावतीचा माझा जुना मित्र कुंदन पहिला आणि मी दुसरा. तो रोज फोनवर खिजवायचा, "काहून बे देवानंद, तुयी मशीन झोपली काय?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

उन्हाने प्रोसेसर तापला की आपोआप मंदावायचा. घरात कूलर एकच, तोही आईच्या खोलीत. मी दारात नुसता घुटमळलो, तर तिनेच ओळखलं.

"कूलर घेऊन जा मशीनले," ती म्हणाली. "मले गारवा सोसतच नाही. तुया बाबाले झालं ते दुसऱ्या कोणाच्या बाबाले नको व्हाले."

सोसत नाही म्हणे! आदल्या उन्हाळ्यात ती त्याच कूलरसमोरून हलत नव्हती. हे ठाऊक असूनही मी तो ढकलत नेला. प्रोसेसरचं तापमान दर पाच मिनिटांनी बघायचो. आईकडे चार दिवसांत चहा देण्यापुरता डोकावलो असेन.

पाचव्या दुपारी कुंदनला मागे टाकलं. खुशीत पाणी प्यायला उठलो, तर आई जमिनीवर पडलेली. अंग तव्यासारखं तापलेलं, ऊन बाधू नये म्हणून घेतलेला कांदा मुठीत.

दवाखान्यात दोन सलाइन चढल्यावर ती बोलू लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला अभिमानाने म्हणाली, "माया पोरगा दवाई शोधून राहिला." मला ते ऐकवेना.

"आई, दवाईसाठी नाही नेला मी कूलर," मी म्हणालो. "कुंदनच्या पुढे जायचं होतं मले. नंबरासाठी नेला."

 तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मंग?" तिने विचारलं. "आला काय पयला नंबर?"