अर्ध्या इंचाचे स्क्रू

मी दाराची साखळी बोलतेय. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला, माणसाच्या छातीच्या उंचीवर मी असते. आवाज जरा बारीक ठेवते, कारण जिन्यात कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

माझं काम तसं सोपं. बेल वाजली की मला खाचेत सरकवायचं, दार चार बोटं उघडायचं आणि फटीतून विचारायचं, कोण आहे. माणूस हवासा असला तर मला काढायचं, नसला तर 'नको' म्हणून दार लावून घ्यायचं. हे 'नको' मात्र माणसानेच म्हणायचं असतं. माझी सगळी कर्मकहाणी त्या एका शब्दापाशी अडलेली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेच्या कड्या एकमेकींत अडकवल्या, दोन टोकांना दोन पट्ट्या आल्या आणि दीड इंचाच्या स्क्रूंसकट मला पाकिटात घालून एका कुलूपवाल्याच्या दुकानात धाडलं. तिथे मी दोन वर्षं खिळ्याला टांगलेली होते.

कुलूपवाला कामाला वाघ होता. गिऱ्हाइकाला नेहमी सांगायचा, "साखळी काही धरत नाही हो, स्क्रू धरतात. लांब स्क्रू चौकटीत खोल गेला की हत्ती आला तरी दार उघडणार नाही." काम नसलं की तो भिंतीकडे तोंड करून डबा खायचा आणि टांगलेल्या कुलपांशी बोलायचा. माझ्याशीही बोलायचा. कोणी आपणहून त्याला भेटायला आलेलं मी पाहिलं नाही. मला तेव्हा त्याची कीव यायची, आजही येते, पण कीव आली म्हणून दार उघडायचं नसतं हे मी खूप उशिरा शिकले.

एके दिवशी मला इथे आणलं. मालकांचं चष्म्याचं दुकान आहे. बाई इस्पितळात हाडांच्या ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहेत. त्यांची सात वर्षांची छोकरी बेल वाजली की आधी दार उघडते आणि मग विचार करते, म्हणून साखळी हवी होती.

कुलूपवाल्याने दाराकडची पट्टी नीट बसवली. मग तो चौकटीकडे वळला. तेवढ्यात आत छोकरीने बापाचा चष्मा उलटा घातला, आई हसली, बाप हसला, आणि बाईंनी कुलूपवाल्यालाही चहा आणून दिला. तो चहाचा कप हातात धरून त्या तिघांकडे बघत राहिला. चहा गार झाला तरी बघतच होता.

मग त्याने माझे चार लांब स्क्रू खिशात टाकले. डब्यातून दुसरे चार काढले, जेमतेम अर्ध्या इंचाचे. ड्रिल लावलं आणि घुर्र होतंय न होतंय तोवर काढून घेतलं. डोकी तीच, चकाकी तीच, बाहेरून कोणाच्या बापाला कळलं नसतं. मला कळलं. पण मी कोणाला सांगणार?

निघताना मालकांनी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "या कधीही. घर तुमचंच आहे."

असं आपण सगळ्यांनाच म्हणतो. ज्याला म्हणतो तो मान डोलावतो आणि येत नाही. कुलूपवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मला तेल द्यायला म्हणे. मी एका रात्रीत काय गंजणार होते?

तिसऱ्या दिवशी तो बिजागऱ्या तपासायला आला, चौथ्या दिवशी नुसताच. जेवायच्या टेबलाला तीनच खुर्च्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्याने चौथी खुर्ची खांद्यावर घालून आणली आणि मालकांच्या शेजारी मांडली. पहिल्या दिवसापासून तो 'अरे दोस्ता' म्हणू लागला होता. मालक बिचारे 'अहो' वरून कधी खाली उतरले नाहीत आणि तो 'अरे' वरून कधी वर चढला नाही. जाताना "परत येतो" म्हणायचा, म्हणून छोकरीने त्याचं नाव परतकाका ठेवलं. त्याला ते फार आवडलं. चिडवण्यासाठी ठेवलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग त्याने मालकांच्या दुकानातून त्यांच्यासारखीच फ्रेम घेतली. नंबर शून्य. मग तसलाच शर्ट आला. एकदा बेल वाजली, बाईंनी फटीतून शर्ट पाहिला, मला काढलं आणि नवरा समजून याला हाताला धरून आत घेतलं. त्या दिवशी त्या किती वेळ हात धूत होत्या.

"तू सांग त्याला," बाई म्हणाल्या.

"त्याच्या मनाला लागेल गं."

"आणि माझ्या मनाचं काय? मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, वहिनी रागावल्यात, होतील दोन दिवसांत शांत. तो फक्त तुझं ऐकतो."

मालकांनी सराव केला. माझ्यासमोर उभे राहून पुटपुटायचे, "हे बघा, तसा गैरसमज करून घेऊ नका, पण..." 'पण'च्या पुढे गाडी जायचीच नाही. शेवटी एकदा बोलले. म्हणाले, "आम्हाला जरा निवांतपणा हवा आहे हो. लोकांची ये-जा फार वाढलीये."

कुलूपवाला गंभीर झाला. "बरोबर आहे तुझं. मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून तो जिन्यात बसू लागला आणि आलेल्या माणसांना परत पाठवू लागला. बाईंच्या भावाला सांगितलं, घरात साथीचा ताप आहे. मालकांचा शाळेपासूनचा मित्र आला, त्याला सांगितलं, ते आता तुम्हाला भेटू इच्छित नाहीत. मी दाराआडून शब्द न् शब्द ऐकत होते. हळूहळू बेल वाजेनाशी झाली. वाजली तर त्याचीच. आत तिघं जण कुजबुजत जेवत आणि जिन्यात कोणी खोकलं की घास हातात थांबे. त्यांचं स्वतःचं घर त्यांच्या हातून चाललं होतं आणि चार अर्ध्या इंचांवर मी लोंबत होते.

बाईंना संशय आला तो माझ्या खुळखुळण्यावरून. इस्पितळात त्या रोज डॉक्टरांच्या हातात स्क्रू देतात. कुठल्या हाडाला केवढा, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. एका सकाळी ड्यूटीवर जाण्यापूर्वी त्यांनी माझी पट्टी बोटाने दाबली, कपाळाला आठी पडली. एक स्क्रू काढून तळहातावर ठेवला आणि तशाच बघत राहिल्या.

नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. त्याच्या पोटात काही राहत नाही आणि तो भाबडेपणाने कुलूपवाल्यालाच विचारायचा, हे त्या ओळखून होत्या. खालच्या दुकानातून त्यांनी चार लांब स्क्रू आणले. पहिला पिळून बसवला, दुसरा बसवला, तिसरा हातात घेतला आणि जिन्यात पावलं वाजली. पाहिलं तर दूधवाला होता, पण तोवर त्यांची बस सुटायची वेळ झाली होती. उरलेले दोन खिशात घालून त्या निघाल्या. जाताना चौथी खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली.

"आज तो आला की साखळी लाव आणि नाही म्हण," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एवढंच कर."

छोकरीला ताप होता, म्हणून मालकांनी दुकान बंद ठेवलं होतं. दुपारी साडेतीनला बेल वाजली. मालकांनी मला खाचेत सरकवलं तेव्हा त्यांची बोटं ओली होती.

"दोस्ता, माझी खुर्ची बाहेर आलीये."

"हो."

"पॉलिश करायचंय का?"

"नाही," मालक म्हणाले. "यापुढे तुम्ही येऊ नका. आम्हाला नको आहे."

मग फटीतून त्याची दोन बोटं आत आली आणि माझ्या कड्यांवरून फिरली, दुकानात फिरायची तशीच.

"मी लावलेली साखळी मलाच लावलीस? हिचे स्क्रू केवढे आहेत माहितीये तुला? अर्ध्या इंचाचे. मुद्दाम घातलेत."

"मुद्दाम?"

"तुला आत काही झालं, चक्कर आली, पडलास आणि साखळी लावलेली असली, तर आत कोण येणार? मीच ना? तुझ्या काळजीनेच केलं सगळं." तो समजूत घातल्यासारखा बोलत होता. "एका धक्क्याचं काम. पण मी कधी ढकललं का? मैत्रीत ढकलायचं नसतं. आज तू वेळ आणलीस."

मालक पांढरेफटक पडले. लांब स्क्रूंचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण दोन स्क्रू म्हणजे चार नव्हेत.

त्याने खांदा मारला. माझ्या कड्या ताणल्या, पट्टी वाकली, वरचे दोन आखूड स्क्रू सुटून चपलांच्या कपाटावर आपटले. खालचे दोन करकरले आणि राहिले. त्याने पुन्हा खांदा मारला. आता मालकांनीही आतून दाराला पाठ लावली होती आणि ते बोलत होते, "नको. नको म्हटलं ना. नको." एकदा सुटला तो शब्द थांबेचना. इतक्या महिन्यांचे सगळे नको त्यांनी तिथे मोकळे केले.

आतून छोकरीने विचारलं, "बाबा, परतकाका आलेत का?"

"आलेत," मालक म्हणाले. "जाताहेत."

बाहेरचा जोर थांबला. ती दोन बोटं पुन्हा आत आली आणि राहिलेल्या स्क्रूंची डोकी चाचपू लागली.

"हे माझं काम नाही," कुलूपवाला हळूच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "चांगलं बसवलंय." मग खुर्ची उचलून तो उतरू लागला. प्रत्येक पायरीवर खुर्चीचा पाय आपटत होता. मी ते ठोके शेवटपर्यंत ऐकले.

संध्याकाळी बाईंनी खिशातले दोन स्क्रू बसवले. माझी पट्टी एका कोपऱ्यात वाकडी राहिली, ती राहू दिली. भाऊ येऊन गेला, शाळेतला मित्रही येऊन गेला. बेल पुन्हा वाजू लागली. मला वाटलं, सुटलो आपण.

आज सकाळी खालच्या मजल्यावर आवाज आला. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. बायको गेल्यापासून एकटेच आहेत आणि भेटेल त्याला बोलत धरतात. त्यांच्या दाराला साखळी बसत होती. ड्रिल घुर्र झालं आणि लगेच थांबलं. पुन्हा घुर्र, पुन्हा थांबलं. असं चार वेळा.

मग मास्तरांचा खुशीतला आवाज जिन्यातून वर आला, "या कधीही. घर तुमचंच आहे."

मालक माझ्याजवळच उभे होते. त्यांनीही ऐकलं. "आपल्याला काय करायचंय?" ते स्वतःशीच म्हणाले आणि मला पटकन खाचेत सरकवलं. तसेच उभे राहिले. बाई आतून बघत होत्या.

मग मालक वळले. त्यांनी फडताळातून स्क्रूड्रायव्हर घेतला, खालच्या दुकानात मिळतात तसले चार लांब स्क्रू घरात आता कायम असतात, ते मुठीत घेतले आणि मला काढलं.

ते आत्ताच खाली उतरले आहेत. कुलूपवाला अजून तिथेच आहे, चहा पितोय. मी सुटून लोंबतेय आणि कान देऊन ऐकतेय. तुमच्या दाराला माझी कोणी बहीण असेल, तर तिचा एक स्क्रू काढून बघा, एवढीच विनंती. आणि मालक, परत आलात की मला लावायला विसरू नका.