ला मोरा सुरू झाली तेव्हा

बेलार्मिना आर्चुलेताची बोटं बारीक होती, म्हणून लग्नानंतरचे तिचे निम्मे उन्हाळे नवऱ्याच्या गाडीच्या बॉनेटखाली गेले. फिलिबेर्तोचे, म्हणजे तिच्या फिलीचे, पंजे फावड्यासारखे. रेडिएटर आणि पंख्याच्या मधल्या सापटीत त्याचं एक बोट जेमतेम शिरायचं. मग गॅरेजातून हाक यायची, "बेला, हात दे गं जरा." लग्नाआधीही तो हेच म्हणायचा, फक्त तेव्हा हातात चिंधी नसायची.

गाडी चौसष्ट सालची इम्पाला. पिकलेल्या तुतीचा रंग, म्हणून नाव ला मोरा, तुती. त्यांच्या एस्पान्योला गावात असल्या गाडीला नाव न ठेवणं म्हणजे पोराचं बारसं न करण्यासारखंच. बॉनेट उघडलं की माणसं बघत राहायची. इंजिनामागचा पत्रा काचेसारखा गुळगुळीत, त्याच्यावरचं एकूणएक भोक बुजवलेलं. वायरी शोधून सापडायच्या नाहीत. झाकणांना, नळ्यांना, पट्ट्यांना, जिथे म्हणून चढेल तिथे क्रोम चढवलेला. आणि दोन्ही अंगांनी खाली वळत गेलेले एक्झॉस्टचे पाइप तर चांदीचे वाटायचे. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दिवे लागले की आख्खं छत त्यांच्यात उतरायचं.

आणि हे इंजिन कित्येक वर्षांत सुरूच झालं नव्हतं.

कारण साधं होतं. क्रोमचे पाइप एकदा तापले की निळे पडतात. आधी वाकणापाशी पिवळट झाक येते, मग जांभळी, मग निळी, आणि ती काही केल्या जात नाही. ला मोराला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा फिलीने जुने पाइप काढून हे नवे बसवले, टाकी रिकामी केली, बॅटरी काढून फडताळात ठेवली आणि ट्रेलर विकत आणला. तेव्हापासून ला मोरा गावोगाव हिंडायची, पण दुसऱ्या गाडीच्या मागे, ट्रेलरवर बसून.

बेला मन लावून साफ करायची. पाण्याचा फवारा मारायचा नाही. आधी मऊ ब्रशने धूळ, मग ओलसर फडकं, खाचाखोचांत कापसाच्या काड्या, बोल्टांच्या डोक्यांना जुना टूथब्रश. रबरी नळ्यांना लावायचं औषध लावून लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, कारण रबर तेलकट चमकलं की परीक्षक नाक मुरडतात. हे सगळं तिने डोळे मिटूनही केलं असतं. पण डोकं आत घालून काम करताना दर वेळी एक गोष्ट तिला टोचायची. या इंजिनाला वास नव्हता. मेणाचा होता, रबराचा होता, पण गाडीचा नव्हता.

पूर्वी होता. ती चिमायो गावची आणि तो वर डोंगरातल्या त्रुचासचा. रविवारी संध्याकाळी तो हीच गाडी घेऊन चर्चच्या मागे येऊन उभा राहायचा. सीट बाकासारखी सलग. ती दाराशी बसायची आणि चर्च नजरेआड झालं की सरकत सरकत मध्ये यायची. पायाखालून इंजिनाची ऊब यायची, बुटांचे तळ तापायचे. एस्पान्योलाच्या मोठ्या रस्त्यावरून गाड्यांची रांग गोगलगायीच्या चालीने जायची, आणि फिली एका हाताने स्टिअरिंग धरून तिला थापा मारायचा. घरी आल्यावर आई तिचे केस हुंगायची. "प्रार्थनेला गेली होतीस ना? मग आजकाल चर्चात धुपाऐवजी पेट्रोल जाळतात वाटतं."

एकदा ते अबिक्यूपर्यंत गेले होते. नदीकाठी लाल कड्यांखाली गाडी उभी केली आणि सूर्य बुडेपर्यंत तापलेल्या बॉनेटवर पाठ टेकून बसले. बोलले काय, ते तिला आता आठवत नव्हतं. पाठीला लागलेली ऊब मात्र आठवत होती.

"एकदा ने ना मला अबिक्यूला," ती दर वसंतात म्हणायची. "ला मोरातून."

"एवढं प्रदर्शन होऊ दे, म्हातारे," फिली म्हणायचा. आणि एक प्रदर्शन झालं की दुसरं उभंच असायचं.

या वर्षी मे महिन्यात गाड्यांच्या क्लबच्या अध्यक्षाचा फोन आला. फिली ऐकता ऐकता खुर्चीत बसला. फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की बेलाला वाटलं कोणी गेलं की काय.

"काय झालं रे?"

"अल्बुकर्कीच्या प्रदर्शनवाल्यांनी नियम बदलला. इंजिनाच्या गटात उतरायचं तर परीक्षकांसमोर इंजिन सुरू करून दाखवायचं."

"मग?"

"मग काय मग! पाइप निळे पडतील की!"

बेलाने पटकन तोंड फिरवलं आणि मक्याच्या उकळत्या रश्शात, पोसोलेत, डाव घातला. आनंद चेहऱ्यावर दिसला असता, तर नवऱ्याने वर्षभर ऐकवलं असतं.

मदतीला कोस्मे आला. तो त्यांच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून फिलीचा कोंपाद्रे, भावासारखाच, आणि बेलाला कोमाद्रे म्हणणारा. आयुष्य ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेलं. त्याने बॉनेटखाली नजर टाकली आणि टोपी काढून छातीशी धरली.

"हे काय रे?" फिलीने विचारलं.

"श्रद्धांजली वाहतोय. इतकं नटवून आमच्यात फक्त मयताला ठेवतात."

"गप बस आणि काम कर. आणि कशालाही हात लावू नकोस."

"मग काम काय नजरेने करू?"

कोस्मेने प्लग काढून आत तेल सोडलं, इंजिन हाताने फिरवून पाहिलं, नवी बॅटरी जोडली, टाकीत थोडं ताजं पेट्रोल घातलं. बेलाने आजूबाजूला जुन्या चादरी पसरून ठेवल्या होत्या, कुठे थेंब पडायला नको म्हणून. शनिवारी दुपारी त्यांनी गाडी ढकलत अंगणात आणली. दोघांनाही इंजिनावर लक्ष ठेवायचं होतं, तेव्हा किल्ली फिरवायला बेलाच उरली.

ती स्टिअरिंगमागे बसली. समोर उघडं बॉनेट उभं होतं, त्यामुळे काचेतून ना अंगण दिसत होतं ना रस्ता. नुसता तुतीच्या रंगाचा पत्रा.

"फिरव!" कोस्मे ओरडला.

इंजिन खोकलं आणि थांबलं. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा गाडीच्या अंगातून एक हिसका गेला, मागून निळसर धुराचा लोट आला, आणि ला मोरा सुरू झाली.

आवाज आधी अडखळत होता, मग लागला. सीट थरथरायला लागली. आणि मग तो वास आला. पेट्रोलचा, तापत्या तेलाचा, तळात साचलेल्या जुन्या धुळीचा. बेलाने श्वास आत घेतला आणि तिचे डोळे भरून आले. आपण काय करतोय हे कळायच्या आत ती स्टिअरिंगमागून सरकली आणि सीटच्या मधोमध जाऊन बसली. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, एकोणीस वर्षांची असताना बसायची तशी. पायाखाली ऊब चढत होती. शेजारची जागा रिकामी होती.

"पडले! निळे पडले!" पुढून फिलीचा आवाज आला. "बंद कर, बेला! बंद कर!"

तिला ऐकू आलं होतं. ती बसून राहिली.

"अगं बहिरी झालीस का?"

मग कोस्मेचा आवाज. "राहू दे रे जरा. चांगलं तापू दे. पडायचे ते पडलेच आहेत."

फिली दारापाशी आला तेव्हा त्याला बायको अशी मध्ये बसलेली दिसली. खिडकीतून हात घालून त्याने किल्ली फिरवली. अंगण एकदम मुकं झालं.

"उतर," तो म्हणाला. "पुसायला घ्यायला हवं."

पुढचा आठवडा ती पाइप घासत होती. सगळी पेस्ट संपली. निळेपणा थोडा फिकट झाला, गेला नाही. खरं सांगायचं तर तीही जोर लावत नव्हती. वाकणापाशी तो रंग कबुतराच्या मानेसारखा दिसायचा, आणि त्याच्यावरून चिंधी फिरवताना तिचा हात आपोआप हलका व्हायचा.

"जातंय का?" फिली दर थोड्या वेळाने विचारायचा.

"नाही रे."

"जोर लाव."

"लावतेय."

अल्बुकर्कीत परीक्षक म्हणून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई होती. तिच्या हातात टॉर्च आणि काठीला लावलेला आरसा. तिने आरसा इंजिनाखाली फिरवला, झाकणाच्या कडेखालून बोट ओढलं, बोट पाहिलं, मान हलवली. मग गाडी सुरू करायला सांगितली. फिलीने किल्ली फिरवली. त्याच्या कपाळावर घाम होता. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. बाई वाकून पाइपांकडे बघत राहिली.

"निळे पडलेत," ती म्हणाली. "चालवता वाटतं गाडी?"

फिलीने रुमालाने कपाळ पुसलं. बेला पुढे झाली.

"चालवतो तर. दर रविवारी."

"कुठे जाता?"

"अबिक्यूला."

बाई पहिल्यांदाच हसली. "बरं वाटलं ऐकून," असं म्हणून तिने पुढच्या गाडीकडे मोर्चा वळवला.

ला मोराला दुसरं बक्षीस मिळालं. परतताना ट्रक फिली चालवत होता, मागे ट्रेलरवर ला मोरा. सांता फे मागे पडलं.

"खोटं बोललीस," तो शेवटी म्हणाला. "परीक्षकाशी."

"मग खरं कर."

त्याने आरशातून ट्रेलरकडे नजर टाकली. पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर तो गॅरेजात गेला आणि बेलाला भांडी घासता घासता तो आवाज ऐकू आला. ती ओल्या हातांनीच बाहेर धावली.

"पर्स घे की," फिली स्टिअरिंगमागून म्हणाला. "आणि बूट झटकून बस."

ती बसली. कोपऱ्यावरचं किराणा दुकान मागे पडलं तशी ती सरकत मध्ये आली.

"अगं, सीटची मखमल चुरगळेल!"

"चुरगळू दे."

आता पूर्वीसारखी जागा नव्हती. दोघांचीही अंगं सुटली होती. त्याचं कोपर तिच्या बरगडीत रुतत होतं. तरी ती हलली नाही. ऊन उतरलं होतं, चामा नदीकाठच्या झाडांची पानं वाऱ्यावर उलटीसुलटी होत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं, तिच्याकडे तर नव्हतंच. तो मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत होता, तापलेल्या पोराच्या उशाशी बसलेला बाप श्वास ऐकतो तसा.

"काहीतरी बोल ना," ती म्हणाली.

"थांब. डावीकडून टकटक येतेय का?"

"नाही येत."

"येतेय."

ती पुढे बघत राहिली. रांगेतल्या गाड्या, थापा मारणारा तो पोरगा, हसून हसून पोट धरणारी ती. यातलं काहीच या सीटवर नव्हतं. वास होता, ऊब होती, आणि शेजारी तिचाच नवरा होता. तरी तिला त्याची आठवण येत होती. हे कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

पुढच्या वळणापलीकडे रस्ता उखडलेला होता. नुसती सुटी खडी, आणि बाजूला कामाची पाटी. फिलीने गाडी थांबवली.

"खडी आहे."

"हळू ने."

"दगड उडून पाइपांना लागतील, बेला."

तिच्या गप्प बसण्याचा त्याला थोडा धाक वाटला असावा, कारण गाडी वळवल्यावर तो सरळ घरी न जाता पेट्रोल पंपाशी थांबला आणि दोन कॉफी घेऊन आला. गाडीत प्यायची सोय नव्हतीच, मखमल. दोघं बाहेर, दाराला पाठ न लावता उभे राहिले.

इतक्यात एक जुना पिकअप हॉर्न वाजवत गेला. आतला म्हातारा खिडकीतून ओरडला, "आर्चुलेता! अजून हीच गाडी?"

"गाडीपण हीच आणि बाईपण हीच!" फिली ओरडला, आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसला. ते हसू बेलाने बऱ्याच दिवसांनी पाहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस?"

"काही नाही. तू तेव्हा काय बोलायचास रे मला? गाडीत?"

फिलीने कॉफीचा घोट घेतला आणि बराच विचार केला.

"कोण जाणे. थापा मारत असेन."

"हो. थापाच मारायचास."

"आता सुचत नाहीत बघ." त्याने रुमाल काढून पुढच्या काचेवरचा एक किडा हलकेच पुसला. "रस्ता शरदापर्यंत होईल, असं पाटीवर लिहिलंय. तेव्हा जाऊ. नक्की."

"जाऊ," ती म्हणाली.

शरदात लास क्रूसेसचं प्रदर्शन असतं, हे तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही. फिली स्टिअरिंगमागे जाऊन बसला आणि तिची वाट बघत राहिला. तिची कॉफी संपली होती, तरी ती रिकामा कप धरून तिथेच उभी होती. उखडलेल्या रस्त्याकडून एकामागून एक ट्रक येत होते. त्यांच्या चाकांना, दारांना, काचांना लाल माती लागली होती. अबिक्यूकडूनच येत असणार.