सोळावा सांधा

पंधराव्या मुदतवाढीला आणीबाणीचा हुकूम समुद्र ओलांडून पलीकडच्या देशात पोचला. ज्या देशातल्या उपासमारीवरून तो काढला होता, त्याच देशात. सचिवालयात कुणाला नवल वाटलं नाही. लांबवायचा म्हटल्यावर तो कुठंतरी पोचणारच.

कायदाच तसा होता. नवा हुकूम काढायचा तर सभागृहात बसून बोलावं लागतं. जुना लांबवायचा तर दरवर्षी मागच्या टोकाला एक पान चिकटवलं की भागतं. फक्त प्रत्येक पान आदल्याच्या दुप्पट भरायचं, आणि नवं जोडलं की जुनी पुढं सरकायची. तिसऱ्या वर्षी हुकूम खिडकीबाहेर गेला, आठव्या वर्षी भाजी मंडईवरून, अकराव्या वर्षी बंदरात उतरला. लोक खालून वाकून जात. डोकं लागलं तर तीन महिने आत.

चिकटवणारा हात एकच, लहानू सोनटक्क्याचा. बांधणी विभागातला दप्तरी, नोकरी एकतीस वर्षं. खळ तो स्वतः शिजवायचा. मैदा, पाणी, आणि शेवटी मोरचूद, ते निळं विष, म्हणजे उंदीर कागदाला तोंड लावत नाहीत. मैदा कुठला? तर त्या भुकेल्या देशासाठी लोकांनी घराघरांतून दिलेली पोती सरकारनं याच हुकमाच्या जोरावर अडवलेली, भलत्यांच्या हाती पडू नयेत म्हणून. ती विभागात छतापर्यंत रचली होती. पोती जात नाहीत म्हणून उपासमार हटत नाही, उपासमार हटत नाही म्हणून मुदतवाढ, आणि मुदतवाढीला खळ लागते. लहानूला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळून तो गप्प बसला होता.

त्याची लेक शोभना तिकडच्या इस्पितळात नर्स होती. हुकमामुळं तिला परत येता येत नव्हतं, फोनही बंद. कागदाचं पुढचं टोक तिच्या वॉर्डात शिरलं तेव्हापासून मात्र लहानू आपल्या टेबलावरच्या टोकाला कान लावी, आणि तिचं बोलणं ऐकू येई.

"अप्पा, इथं लोक सांधे चाटतायत. पीठ आहे म्हणे त्यात."

"किती सांधे चाटून झाले?"

"तीन."

"पोरी, त्यात मोरचूद आहे."

"किती?"

"उंदीर मरेल इतकं."

"इथली माणसं उंदराएवढीच राहिलीत, अप्पा. एका खाटेवर नऊ मावतात. सकाळी मी चादर झटकायच्या आधी मोजून घेते."

लहानूनं आपली निळी नखं धोतरात लपवली. खोलीत बघणारं कुणी नव्हतं तरी.

"ऐक. पंधराव्यापर्यंत कुणाला तोंड लावू देऊ नकोस. सोळावा मी तुमच्यासाठी करतो, निव्वळ मैद्याचा. आज पाचला मुदत संपते, त्याच्या आत तो जोडला जाईल. मग सगळ्यांनी मिळून कागद ओढून घ्या."

"नक्की ना?"

"बाप आहे मी तुझा."

त्यानं दोन पोती फोडली. खळ पानभर पसरली, भाकरीइतकी जाड.

"काय लहानूभाऊ," कागद कापणारा जमीर म्हणाला, "हुकूम चिकटवताय का जेवणावळ घालताय?"

"तू तुझा कागद काप."

पावणेपाचला विभागाच्या प्रमुख देवस्थळी मॅडम सही करायला आल्या. त्यांनी चष्मा वर केला.

"मामा, खळ पांढरी का?"

"मोरचूद संपलं, मॅडम."

"कपाटात दोन डबे आहेत."

"हात थरथरतो हल्ली. जास्त पडायचं."

"मग द्या, मी घालते. घरी भाजीत मीठपण मीच घालते." त्यांनी डबा उघडला. "उंदरांनी हुकूम खाल्ला तर आणीबाणी संपते, मामा. मग त्या उपाशी जिवांना वाली कोण?"

त्या थट्टा करत नव्हत्या. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पहिला डबा पानभर शिंपडला, मग दुसरा, आणि फूटपट्टीनं खळ सारखी केली. पान आकाशासारखं निळं झालं. त्यांनी सही केली, वेळ घातली, आणि सांधा स्वतःच्या तळहातानं दाबला.

त्याच क्षणी पलीकडून कागद ओढला जाऊ लागला.

लहानूनं कागदाला तोंड लावलं. "शोभे, नको. हा पण नको." पण कागदातून गलकाच येत होता, बारीक बारीक आवाजांचा, शेकड्यांनी. त्याचा आवाज त्यात बुडाला. पान टेबलावरून घसरून खिडकीकडं निघालं. त्यानं शेवटचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि भिंतीला पाय लावले.

"मामा, सोडा," मॅडम म्हणाल्या. "पाच वाजतायत."

जमीर मागून त्याची बोटं सोडवायला लागला. लहानूनं कागदाला हिसका दिला, दातांनी धरून पाहिला. सांधा फाटेना. त्याच्या हातचा एकही सांधा सोळा वर्षांत सुटला नव्हता. तो खिडकीच्या चौकटीपर्यंत घसरत आला. गुडघे कठड्याला लागले. ओलं निळं पान मंडईवर तरंगत होतं आणि खाली माणसं वाकून चालली होती.

ओढ थांबली. कागद दोन्ही बाजूंनी ताणलेला राहिला.

मग त्यातून शोभनाचा आवाज आला, धापा टाकत, पण खुशीत.

"अप्पा, कागद कुठंतरी अडकलाय. तुमच्या बाजूनं जरा ढकला."