लाल दिवा तीनदा लागला

मित्रांनो, मी तुमच्या वहीएवढं एक जुनं यंत्र आहे. सीमेवरच्या कचेरीत, चार नंबरच्या खिडकीत बसून मी येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेतो.

मी नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! शाई नको, डाग नको, बोट टेकवलं की काम फत्ते. भांडी घासणाऱ्यांची, विटा उचलणाऱ्यांची झिजलेली बोटं मात्र मला वाचता येत नसत. मग खिडकीतले कारकूनकाका हसून सांगत, "बोट जरा कपाळावर घासा." कपाळाचा तेलकटपणा लागला की ठसा लख्ख उमटे.

पुढे आमच्या शहराच्या स्टेशनात स्फोट झाला. चाळीस माणसं गेली, त्यांत काकांचा भाचाही. स्फोट करणारा बाहेरून आलेला होता. भिंतीवरच्या टीव्हीवर रोज भांडणं जुंपली. दारं लावून घ्या म्हणणारे आणि सगळ्यांना एका मापानं मोजू नका म्हणणारे, दोघंही घसा कोरडा करत होते. शेवटी नियम आला. तीनदा ठसा उमटला नाही, तर माणूस परत. काका म्हणाले, बरं झालं. ते पुन्हा हसले नाहीत.

एका सकाळी इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांची लेक इकडे नांदत होती. पहिलटकरीण, दिवस भरलेले आणि नवरा जहाजावर. साहेबांपुढे हात स्वच्छ दिसावेत म्हणून मावशींनी निघताना ते सोड्यानं खसाखसा घासले होते. काय सांगू तुम्हाला, उरल्यासुरल्या रेघाही गेल्या! एकदा लाल दिवा. पुन्हा लाल.

मावशींचं कपाळ घामानं डबडबलं होतं. काकांनी तिकडे पाहिलं. सांगा हो, सांगा, असं मी मनात ओरडत होतो. काकांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. तिसऱ्यांदाही लाल.

"तिच्याजवळ कुणी नाही हो," मावशी म्हणाल्या. "मी कोण ते याला नाही कळलं. तुम्ही तर माणूस आहात."

"नियम आहे," काका म्हणाले. "पुढचे या."

आपल्याच हातानं माझी बोट टेकवायची काच खराब झाली, असं मावशींना वाटलं. जाताना त्यांनी ती रुमालानं पुसून दिली. लेकीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. यंत्राला कोण येऊन सांगणार?

मित्रांनो, पहारा हवाच. भाचा गमावलेल्या घराला विचारा. पण मला फक्त रेघा दिसतात. माणूस ओळखायचं काम माझ्या गळ्यात मारून तुम्ही मोकळे होऊ नका. त्या सकाळी मी चुकलो होतो, आणि ते काकांना कळलं होतं.