मातीने थुंकलेली जोडी

मी बुटांची जोडी बोलतेय. पळायच्या बुटांची. जोडी म्हणजे बाईमाणूस, आणि माझं तोंड फटकळ आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

माझा जन्म लांबच्या देशात, एका कारखान्यात झाला. फेस फुगवून माझा तळ केला, कुरमुऱ्यासारखा हलका. तळाच्या पोटात एक काळा, ताठ पत्रा घातला. लोखंडाचा नव्हे, कसल्याशा कडक धाग्याचा. पाय टेकला की उसळावा म्हणून. वरचं कापड जाळीचं, चहा गाळता येईल असं. माझ्यात आहे ते एवढंच. बाकीची किंमत माझ्यात नाही. ती बोटीच्या भाड्यात आहे, दुकानाच्या काचेत आणि गार हवेत आहे, भिंतीवर घामाने चमकणाऱ्या त्या पोरीच्या फोटोत आहे. आणि सगळ्यात जास्त माझ्या कडेला चिकटवलेल्या नावात आहे. नावाला वजन नसतं, म्हणून ते बुटावर कितीही महाग लावता येतं.

अंधेरीच्या दुकानात माझ्या शेजारच्या फळीवर माझीच बहीण होती. तोच फेस, तोच साचा, फक्त पोटात पत्रा नाही. किंमत निम्मी. तिला कुणी हात लावत नसे. लोकांना वाटायचं, स्वस्त आहे म्हणजे काहीतरी लपवतेय.

मग फिलिप आला. मरोळ गावठाणातला, गॅरेजात टायर बदलणारा, पन्नाशी उलटलेला. डॉक्टरने साखर निघाली म्हणून सांगितल्यावर हा पळायला लागला होता आणि गुडघा धरून बसला होता. दुकानातल्या पोरीने त्याला फिरत्या पट्ट्यावर पळवून बघितलं.

"अंकल, तुमचा पाय पुढून रुंद आहे. आणि डावा बाहेरच्या कडेवर पडतो."

"टायर पण तसाच झिजतो माझ्या स्कूटरचा," फिलिप म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याचा गुडघा दुखायचा थांबला तो माझ्या रुंद साच्यामुळे. बहिणीनेही थांबला असता. पण त्याने दोघींना घालून बघितलं, बराच वेळ आरशात बघितलं आणि मला घेतलं. माणूस पायाला विचारून बूट घेत नाही, आरशाला विचारून घेतो.

घरी सेराफिना वाट बघत होती. त्याची बायको. मरोळच्या बाजारात सुका म्हावरा, बोंबील-जवळा विकते, आवाज असा की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच घाबरतं. तिने खोका उघडला, किमतीची चिठ्ठी वाचली.

"पंख कुठेत?"

"कसले पंख?"

"एवढ्या पैशात पंख येतात बुटाला. एवढ्यात मी फ्रीज आणला असता."

"मग फ्रीज घालून पळू का?"

"पळ ना. निदान आत दूध राहील."

दोघंही हसले. पण तिने मला देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं, घरातल्या सगळ्या चपलांहून वर.

रोज पहाटे मरोशी रोडने आम्ही आरेच्या जंगलात जायचो. फिलिपचा उजवा पाय नीट पडायचा, डावा कडेवर. थप्प, थुप्प. थप्प, थुप्प. तो ताल माझ्या फेसात उतरला. बुटाचं हेच असतं, पाय आत जातो आणि हळूहळू बूटच पाय होतो. आठेक महिन्यांत माझी उसळी संपली. महाग फेस मऊ असतो, मऊ लवकर मरतो. वरून मी नवीकोरी, आतून मेलेली. फिलिपला कळलं नाही. कळलं असतं तरी त्याने मान्य केलं नसतं, घरात तोंड दाखवायचं होतं.

मग त्याला ताप आला. डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलात त्याने सेराफिनाचा हात धरला. त्यांची मोठी पोर व्हॅलेन्सिया चालायला लागायच्या आधीच गेली होती. तिची हाडं सिमेट्रीच्या, म्हणजे दफनभूमीच्या, भिंतीतल्या कोनाड्यात आहेत.

"मला तिच्याजवळ ठेव," तो म्हणाला. "चालायला शिकवायचं राहिलंय तिला."

"शिकव," सेराफिना म्हणाली. "पण घाई करू नको."

त्याने केली.

प्रेताला सुती कपडे घाला, बूट घालू नका, असं चर्चने सगळ्या घरांना सांगून ठेवलेलं. धाकटी लेक यव्होनने आईला आठवण करून दिली. सेराफिना पेटीपाशी उभी होती, मला हातात धरून.

"मम्मा, बूट नको म्हणालेत फादर."

"फादरच्या पोरीला चालायला शिकवायचंय का? माझ्या पोरीला शिकवायचंय. एवढ्या लांब अनवाणी जाऊ देऊ त्याला?"

तिने स्वतः मला त्याच्या पायात घातलं. गार पायात बूट घालणं सोपं नसतं. नाडीला दोन गाठी मारल्या आणि वर हात फिरवला. मग पेटीचं झाकण लागलं.

मुंबईत जिवंताला भाड्याची खोली आणि मेल्याला भाड्याची कबर. दोनेक वर्षं झाली की कबर उघडतात, हाडं काढून कोनाड्यात ठेवतात आणि खड्डा दुसऱ्याला देतात. तोवर मातीने आपलं काम उरकायचं असतं. माती कामाला कडक आहे. आधी तिने पेटी खाल्ली. मग शर्ट. मग हळूहळू फिलिप. मी ऐकत होते. खाण्याला आवाज नसतो असं तुम्हाला वाटतं, पण असतो. ओल्या कापडातून पाणी उतरावं तसा.

मग ती माझ्यापाशी आली. तिने मला चाटलं, चावलं, आणि थुंकली. पुन्हा आली, पुन्हा थुंकली. माझा फेस तिच्या ओळखीचा नाही. पत्राही नाही. नायलॉनचे मोजेही नाहीत. बाहेर सगळा माणूस माती झाला आणि माझ्या आत त्याचे पाय राहिले, झाकून ठेवलेल्या जेवणासारखे. वर कधी कुणी चाललं की माझा तळ दबायचा. आणि मला तो ताल ऐकू यायचा. वरच्याचा नव्हे, आतला. थप्प, थुप्प. पाय हलत नव्हते. ताल हलत होता.

कबर उघडायचा दिवस आला. सकाळचं ऊन थेट माझ्यावर पडलं. वर तिघं उभी होती, सेराफिना, यव्होन आणि कबरी खणणारा म्हातारा ऑस्टिन. ऑस्टिनने फावडं थांबवलं.

"बूट घातलेले का याला?"

यव्होनने आईकडे बघितलं.

"सेराफिना, बूट असला की पायांची माती होत नाही. बाकी झालाय तो. परत बंद करू, वर्षभराने बघू."

"वर्षभराने बूट विरघळेल?"

"बूट?" ऑस्टिनने नाक पुसलं. "तू विरघळशील, मी विरघळेन. हा नाही."

"मग वर्षभर कशाला थांबू?"

"पाय राहू देत मग. बाकीचा घेऊन जा. लोक नेतात तसं."

सेराफिनाने पदर खोचला. "पोर तिकडे उभी राहायची वाट बघतेय. मी बिनपायाचा बाप नेऊन देऊ तिला? म्हणू काय, हा घे, हा चालायला शिकवणार?"

"मम्मा, नको ना उतरू," यव्होन म्हणाली.

ती उतरलीच. गुडघ्यावर बसली. माझ्या गाठी फुगून दगड झाल्या होत्या, तिने दातांनी सोडवल्या. आत बघून तिने तोंड फिरवलं नाही. मोजे थैलीसारखे झाले होते. मेणासारखं काहीतरी होतं, ते तिने बोटांनी पुसून काढलं, आणि एकेक हाड पांढऱ्या कापडावर ठेवत गेली. काम करताना बोलत होती, हळू, घरात बोलतात तसं. "फ्रीजच घ्यायला हवा होता रे. फ्रीज घालून पुरलं असतं तर बरं झालं असतं."

"सगळी आली का?" शेवटी तिने वर विचारलं.

"आली असतील," ऑस्टिन म्हणाला.

माणसाच्या पायात किती हाडं असतात हे कुणाला ठाऊक? मला ठाऊक होतं. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक पडलं होतं. त्यातून एक हाड, चिंचोक्याएवढं, निसटून माझ्या टोकात गेलं होतं आणि वाकलेल्या आतल्या गादीखाली जाऊन बसलं होतं. मी ओरडले. बूट ओरडतो तेव्हा काय होतं? काही होत नाही.

कोनाडा जवळच होता. मी कडेला पडून ऐकलं. दगडाचं झाकण सरकलं. "घे गं बाय," सेराफिना म्हणाली. "तुझा बाप. पायांसकट आणलाय. आता ऊठ."

जाताना तिने माझ्याकडे बघितलं. "पेटी गेली, माणूस गेला. ही बघ कशी बसलीय." मग तिने मला गेटबाहेरच्या कचऱ्यात टाकलं.

तिथून भंगारवाल्याने मला उचललं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात जुन्या बुटांना नवं करतात, तिथे माझा रंग बदलला, नवी नाडी ओवली. जुन्या गादीवर नवी गादी चिकटवली. ते हाड आता दोन गाद्यांखाली. मग फूटपाथवर मांडलं.

मितेशने मला घेतलं. भांडुपचा, पोलीस भरतीसाठी पळणारा. घरी नेऊन बहिणीला दाखवलं.

"ओरिजिनल आहे विनिता. नव्याला हात लावायची आपली ऐपत नाही."

"आधी कुणाचे होते?"

"असतील कुणाचे. आता माझे आहेत."

"मेलेल्याचे निघाले तर?"

"मेलेला कशाला पळतोय?"

पहिल्या आठवड्यात तो मैदानावर पळला. त्याचे दोन्ही पाय सरळ पडायचे. दुसऱ्या आठवड्यात डावा कडेवर पडायला लागला. विनिता बाकावर बसून बघत होती. म्हणाली, "दादा, तू म्हाताऱ्यासारखा काय पळतोयस?" तो म्हणाला, काहीतरी टोचतंय. मला काढून झटकलं. काही पडलं नाही. पुन्हा झटकलं. नाही.

मग मैदान सुटलं. सकाळी निघाला की तो रस्ता ठरवायचा एक आणि जायचा दुसराच. आधी पवईपर्यंत, मग साकीविहार रोडने पुढे. घरी सांगायचा, स्टॅमिना वाढवतोय. मी त्याला ओढत नव्हते. शपथ घेऊन सांगते. माझ्यात आता ओढण्याएवढं काही उरलंच नाही. ओढत होतं ते गादीखालचं.

आज रविवार आहे. ऊन चांगलं वर आलंय. मितेश मरोळच्या सिमेट्रीच्या गेटसमोर उभा आहे, धापा टाकत. इथे कसा आलो हे त्याला कळत नाही. तो पायरीवर बसतो, डावा बूट काढतो, आत बोट घालून खरवडतो.

गेटातून सेराफिना बाहेर येतेय. मेणबत्ती लावून झालीय तिची. केस पांढरे झालेत, चाल तीच, भांडायला निघाल्यासारखी. माझ्यावर नवा रंग आहे, ती मला ओळखत नाही. पण थांबते.

"काय रे, खडा गेला का?"

"हो आंटी. कधीचा टोचतोय, सापडतच नाही. गादीखाली आहे वाटतं."

"पोलिसासारखा तपास करतोस, कसा सापडेल? दे इकडे."

ती त्याच्याशेजारी पायरीवर बसते. मला मांडीवर घेते. नव्या गादीची कड नखाने उचलते, गोंद करकरतो. मग जुनी गादी. तिची बोटं आत येतात.

सेराफिना, अजून थोडं पुढे. टोकाकडे. दगड नाही तो, दगड समजून फेकू नको. हातात आला की आधी नीट बघ.